फोटोतली भिंत, उन्हातली भिंत

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात घर बांधणाऱ्या किंवा जुनं घर नवं करणाऱ्या कुणाशीही बोलायला बसलं, की दोन शब्द हमखास कानावर येतात. एक ‘एलिव्हेशन’ आणि दुसरा ‘थ्रीडी’. एलिव्हेशन म्हणजे घराची दर्शनी बाजू. थ्रीडी म्हणजे ती बाजू काम झाल्यावर कशी दिसेल याचं संगणकावर काढलेलं चित्र. म्हाळुंगे, निघोजे या गावांतल्या नव्या बंगल्यांची अशी थ्रीडी गवंड्याच्या मोबाईलमध्ये असतात. निगडी प्राधिकरणातल्या जुन्या घरांचा प्रकार थोडा वेगळा. तिथे घर उभंच आहे, बदलायचा आहे तो त्याचा चेहरा. म्हणून घराचा फोटो काढायचा, आणि त्या फोटोतच नवा रंग, नवं ग्रिल, दगडी फरशी, वाढवलेला छज्जा दाखवायचा.

कारखान्यांतल्या कामगारांना घरं मिळावीत म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर भूखंड दिले गेले. २०२१ साली ते प्राधिकरण बरखास्त होऊन पीएमआरडीए आणि महापालिकेत विलीन झालं, पण वस्तीचं नाव लोकांच्या तोंडी प्राधिकरणच राहिलं. तिथली बरीचशी घरं आता तीस-चाळीस वर्षांची झाली आहेत. दुरुस्तीला हात घालणारे पुष्कळदा निवृत्त झालेले असतात, आणि खर्च होणारा पैसा फंडाचा असतो. घराला बाहेरून एकदा रंग दिला की तो पुढची सहा-सात वर्षं बघायचा असतो. मोबाईलवरच्या एका चित्राकडे बघून एवढा मोठा निर्णय घेतला जातो. तेव्हा ते चित्र तयार कसं होतं आणि त्यावर विश्वास कुठपर्यंत ठेवायचा, हे समजून घेण्यात अर्थ आहे. शिवाय त्यात आठवी-नववीची भूमिती आहे, प्रकाशाचा धडा आहे आणि थोडं भूगोलाचंही काम आहे. शिक्षकांना वर्गात वापरता येईल असा हा विषय आहे.

रेप्टनची झडप

बदलाआधीचं आणि बदलानंतरचं चित्र शेजारी ठेवून गिऱ्हाईकाला पटवण्याची युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. इंग्लंडमध्ये हंफ्री रेप्टन नावाचे उद्यान-रचनाकार होते. १७८८ पासून त्यांनी हा व्यवसाय केला. प्रत्येक मालकासाठी ते लाल कातडी बांधणीचं एक पुस्तक तयार करत. त्यात त्या जागेचं आज दिसतं तसं जलरंगातलं चित्र असे, आणि त्याच्या काही भागावर कागदाची एक झडप चिकटवलेली असे. झडप उचलली की खाली बदललेला देखावा दिसे. आकाश आणि बाकीची झाडं तशीच, फक्त मधला भाग नवा. आज सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. चित्राचा बराचसा भाग खरा ठेवायचा आणि हवा तेवढाच बदलायचा. बघणाऱ्याचा विश्वास बसतो तो न बदललेल्या भागामुळे. समोरचा विजेचा खांब, शेजारच्यांची पाण्याची टाकी आणि दारातली स्कूटर ओळखीची असते, त्यामुळे मधली नवी भिंतही खरी वाटू लागते.

रेप्टनना झडप डोळ्यांच्या अंदाजाने काढावी लागे. संगणकाला मात्र तीन गोष्टी नेमक्या ठरवाव्या लागतात: भिंत कोणत्या कोनातून दिसते आहे, फोटोतला कोणता भाग भिंतीचा आहे, आणि त्या भिंतीवर उजेड कसा पडला आहे.

चार कोपऱ्यांचं गणित

आपल्याकडच्या गल्ल्या अरुंद असतात. समजा, रस्ता सहा मीटर रुंद आहे आणि समोरचं घर कठड्यापर्यंत सात मीटर उंच आहे. पलीकडच्या कुंपणाला पाठ टेकवून उभं राहिलं तरी घर फोटोत मावत नाही, म्हणून आपण मोबाईल वर झुकवतो. तो १५ अंश झुकवला, तर तळाशी ४ सेंटिमीटर दिसणारी घराची रुंदी वरच्या कठड्याशी सुमारे ३ सेंटिमीटरच दिसते. आयताचा समलंब चौकोन होतो. या चौकोनावर सरळ आयताकृती फरशी चिकटवली तर ती हवेत तरंगताना दिसते.

मोबाईल अजिबात न झुकवता, भिंतीला समांतर धरला तर उभ्या रेषा समांतरच राहतात. करून पाहायला सोपं आहे. गवंड्याकडचा ओळंबा मागून आणा, किंवा दोऱ्याला खडा बांधा. तो डोळ्यांसमोर धरून मोबाईलची कड दोऱ्याला समांतर ठेवा आणि फोटो काढा. मग मोबाईल झुकवून दुसरा काढा. दोन्ही फोटोंत खिडकीच्या उभ्या कडांवर पट्टी ठेवून त्या वाढवल्या, तर दुसऱ्या फोटोत त्या वर कुठेतरी मिळतात. मुलांना ते फार आवडतं.

झुकलेला फोटो गणिताने सरळ करता येतो. सपाट भिंतीवरचा एक बिंदू आणि फोटोतला त्याचा बिंदू यांना जोडणाऱ्या सूत्रात आठ अज्ञात संख्या असतात. प्रत्येक ओळखीचा बिंदू दोन समीकरणं देतो, एक आडवं आणि एक उभं. म्हणजे चार बिंदूंची आठ समीकरणं, आणि आठ अज्ञात संख्या सुटतात. सॉफ्टवेअर आपल्याला भिंतीच्या चार कोपऱ्यांवर टिचकी मारायला सांगतं, ते एवढ्यासाठी. याची एक सुंदर बाजू कागदावरही दिसते. फोटोतल्या तिरक्या भिंतीचे दोन कर्ण काढा. ते जिथे छेदतात, तो खऱ्या भिंतीचा मध्य असतो. फोटोतली उंची पट्टीने मोजून निम्मी केली तर वेगळाच बिंदू येतो. असं का, हा प्रश्न वर्गात टाकून गप्प बसावं. उत्तर एखादा मुलगा किंवा मुलगी काढतेच, कारण कर्ण सरळच राहतात आणि मध्यबिंदू त्यांच्याच छेदात असतो.

फोटोवरून इमारत मोजण्याची कल्पना १८५८ सालची. आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हे जर्मन वास्तुतज्ज्ञ वेट्झलार गावच्या मोठ्या चर्चची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचले. एवढं चढून मापं घेण्यापेक्षा फोटोवरून ती का काढू नयेत, असा विचार त्यांनी केला आणि पुढे त्यातून एक शास्त्रच उभं राहिलं. आपल्यालाही त्याचा उपयोग रोकडा आहे. समजा, खाली टेप धरून घराची रुंदी ९.१ मीटर भरली आणि गच्चीवरून टेप सोडून उंची ६.५ मीटर. या मापांवरून फोटो सरळ करून तो १८२० बाय १३०० ठिपक्यांचा केला, तर एका मीटरला २०० ठिपके पडले. आता शिडी न लावता वरच्या खिडक्या मोजता येतात. ३०० बाय २४० ठिपके म्हणजे १.५ बाय १.२ मीटर. अशा चार खिडक्या आणि एक मीटर बाय २.१ मीटरचं दार वजा केलं तर ५९ चौरस मीटर भिंतीतून सव्वानऊ चौरस मीटर जातात. रंगाऱ्याच्या भाषेत ६३७ चौरस फुटांतले १०० चौरस फूट. खिडक्यांच्या आतल्या कडा रंगवाव्या लागतात म्हणून रंगारी हे सगळं वजा करत नाहीत, आणि ते रास्तही आहे. पण किती वजा केलं हे विचारता येण्यासाठी आकडा हातात असावा लागतो.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे माप मोठं घ्यायचं. भिंतीला २१ सेंटिमीटर रुंदीचा कागद चिकटवून त्यावरून सहा मीटरची भिंत काढली, तर कागद मोजताना झालेली दोन मिलिमीटरची चूक भिंतीवर जवळजवळ सहा सेंटिमीटर होते. दुसरी म्हणजे हे गणित एकाच सपाट पृष्ठभागाला लागू पडतं. सहा मीटरवरून काढलेल्या फोटोत, भिंतीपासून एक मीटर पुढे आलेली गॅलरी आपल्यापासून पाचच मीटरवर असते. ती सहास पाच या प्रमाणात, म्हणजे वीस टक्के मोठी दिसते. तिचा कठडा भिंतीच्या मापाने मोजून ग्रिल बनवायला टाकलं, तर ग्रिल मोठं होऊन येणार.

भिंत कुठे संपते?

यानंतर भिंतीचे ठिपके वेगळे करायचे. जुन्या पद्धतीत माणूस भिंतीच्या कडेने एकेक बिंदू टिपत जातो आणि सॉफ्टवेअर त्यातून रेषा ओढतं. कमानी, गोल खांब यांसाठी जी वक्ररेषा वापरतात, ती मूळची मोटारीच्या कारखान्यातली आहे. फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ पासून, आणि रेनोच्या पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात, मोटारीच्या पत्र्याचे वळसे आकड्यांत लिहिण्याची रीत शोधली. काही मोजके बिंदू हलवले की सगळा वळसा हलतो. चाकणच्या एखाद्या कारखान्यात गाडीच्या दाराचा आराखडा काढणारा अभियंता दिवसभर त्याच कुळातले वळसे हाताळत असतो. संध्याकाळी घरी येऊन तो स्वतःच्या कमानीभोवती मोबाईलवर रेघ ओढतो, तेव्हाही तेच गणित कामाला येतं.

आता हे काम बहुतेक आपोआप होतं. लाखो चित्रांवर शिकवलेली प्रणाली ‘ही भिंत, ही खिडकी, हे झाड’ असं स्वतःच ओळखते. तिची गडबड होते ती तारांशी, वेलींशी आणि ग्रिलच्या गजांशी. गजांमधून दिसणारी भिंत जुन्याच रंगाची राहिली, तर डोळ्याला खटकतं पण नेमकं काय चुकलं ते कळत नाही. फोटो काढण्याआधी वाळत घातलेले कपडे काढून ठेवले तर अर्धं काम सोपं होतं.

रंग गुणिले उजेड

खरी गंमत यापुढे आहे. फोटोतल्या एका ठिपक्यात भिंतीचा रंग आणि तिच्यावर पडलेला उजेड असे दोन्ही मिसळलेले असतात. मिसळलेले म्हणजे गुणलेले. समजा, भिंत पांढरी आहे आणि पडलेल्या उजेडापैकी ८० टक्के परत पाठवते. उन्हातल्या भागावर उजेड १००, आणि छज्जाच्या सावलीत त्याच्या पाचवा हिस्सा, म्हणजे २०. मग डोळ्यांकडे येतो उन्हातून ८० आणि सावलीतून १६.

आता हिला विटकरी रंग द्यायचा आहे. हा रंग तांबड्या उजेडापैकी ४५ टक्के, हिरव्यापैकी २० टक्के आणि निळ्यापैकी १२ टक्के परत पाठवतो असं धरू. उन्हात येतील ४५, २० आणि १२. सावलीत येतील ९, ४ आणि २.४. गुणोत्तर तेच, पण सगळं पाचपट कमी. भोळ्या सॉफ्टवेअरने सगळ्या भिंतीवर ४५, २०, १२ असा सरसकट रंग ओतला, तर सावली नाहीशी होते आणि भिंत कापून चिकटवलेल्या घोटीव कागदासारखी दिसते. शहाणं सॉफ्टवेअर जुन्या ठिपक्याला आधी जुन्या रंगाने भागतं, म्हणजे नुसता उजेड उरतो, आणि मग त्याला नव्या रंगाने गुणतं. सावल्या, गिलाव्याचे उंचवटे, कठड्याखालचा अंधार, सगळं जागच्या जागी राहतं.

हा भागाकार वाटतो तितका सोपा नाही. एखादा ठिपका काळपट आहे तो भिंत काळपट असल्यामुळे की तिथे सावली असल्यामुळे, हे एकट्या ठिपक्याकडे बघून सांगता येत नाही. २० हा आकडा ४ गुणिले ५ मधून आला की २ गुणिले १० मधून, असं विचारण्यासारखं ते आहे. हॅरी बॅरो आणि जे मार्टिन टेनेनबाउम यांनी १९७८ साली हा प्रश्न संगणकशास्त्रापुढे नीट मांडला आणि त्यावर अजून काम चालू आहे. आपले डोळे मात्र हे सतत करत असतात. १९९५ साली एडवर्ड ॲडलसन यांनी बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र केलं. त्यात उन्हातलं काळं घर आणि सावलीतलं पांढरं घर अगदी एकाच करड्या छटेचं आहे. हे सांगूनही पटत नाही, इतके ते वेगळे दिसतात. मेंदू सावली वजा करूनच आपल्याला भिंत दाखवतो.

भागाकारामुळे एक व्यावहारिक गोष्टही कळते. जुनी भिंत पांढरी किंवा फिकट असेल तर चित्र चांगलं येतं. जुनी भिंत गडद निळी असेल, तर ती तांबडा उजेड जवळजवळ परतच पाठवत नाही. फार लहान आकड्याने भागावं लागतं, आणि फोटोतली बारीकसारीक खरखर पटींनी वाढून भिंतीवर डाग होऊन उमटते. उलट भर दुपारच्या उन्हात पांढरी भिंत फोटोत पार जळून गेली, म्हणजे ठिपका त्याच्या कमाल आकड्याला जाऊन टेकला, तर तिथला उजेड किती होता हे कायमचं हरवतं. फोटो काढताना भिंत थोडी अंधारीच आलेली बरी.

छज्जाची सावली कुठे पडेल?

रंग बदलताना जुन्या सावल्या तशाच ठेवल्या की काम भागतं. पण नवा छज्जा दाखवायचा तर त्याची नवी सावली काढावी लागते. बहुतेक चित्रांत ती डोळ्यांना बरी वाटेल अशी काढलेली असते. घरमालकाला मात्र ती खरी हवी, कारण छज्जा सावलीसाठीच तर बांधायचा.

हे गणित नववीच्या मुलांना येतं. आपला भाग विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १८.६ अंशांवर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेला २३.४ अंशांवर असतो, तेव्हा माध्यान्ही तो क्षितिजापासून ९० वजा १८.६ वजा २३.४, म्हणजे ४८ अंश वर दिसतो. आपली माध्यान्ह घड्याळात साडेबारा ते पाऊण वाजण्याच्या सुमारास होते, हेही मुलांना सांगायला हवं. दक्षिणेकडच्या भिंतीवर ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा असेल, तर ४८ अंशांच्या स्पर्शगुणोत्तराने गुणून त्याची सावली ६७ सेंटिमीटर खाली येते. खिडकीचा वरचा निम्मा भाग तेवढा झाकला जातो आणि थंडीतलं ऊन खालून आत येतं. मार्च किंवा सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य ७१.४ अंशांवर असतो आणि तोच छज्जा १७८ सेंटिमीटर सावली देतो. सगळी खिडकी झाकली.

मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्ही आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर माध्यान्हीचं ऊन येत नाही, ते उत्तरेच्या भिंतीला चाटून जातं. असं चाटून जाणारं ऊन फार कडक परीक्षक असतं. गिलाव्यातली प्रत्येक लाट, पुट्टीचा प्रत्येक जोड त्यात उठून दिसतो. ढगाळ दिवशी काढलेल्या फोटोवर रंगवलेलं चित्र मात्र गुळगुळीतच दिसणार.

आणि पश्चिमेच्या भिंतीला छज्जाचा फारसा उपयोग नाही. एप्रिलमध्ये दुपारी चार-साडेचारनंतर सूर्य इतका खाली आलेला असतो की ऊन छज्जाखालून सरळ आत येतं. तिथे जाळी, झाड किंवा उभी फळीच हवी. चित्रात दोन्ही बाजूंना एकसारखे छज्जे शोभून दिसतात, आणि म्हणूनच ते बांधले जातात, असं आम्हांला वाटतं.

पडदा, डोळा आणि शेडकार्ड

सगळं गणित नेमकं बसलं तरी चित्रातला रंग भिंतीवर जसाच्या तसा दिसत नाही. भर उन्हातली पांढरी भिंत एखाद्या चांगल्या मोबाईलच्या पडद्यापेक्षा कितीतरी पट अधिक तेजस्वी असते. पडद्यावर आपल्याला फक्त एकमेकांशी असलेलं प्रमाण दिसतं. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय चालू असेल, तर तेही बदलतं. शेडकार्डवरच्या दोन बोटं रुंदीच्या तुकड्याला वेगळीच अडचण आहे. तोच रंग मोठ्या भिंतीवर अधिक उजळ आणि अधिक भडक वाटतो. ‘कार्डावर तर फिकट होता’ ही तक्रार रंगाच्या प्रत्येक दुकानदाराने ऐकलेली असते.

शेजारचा रंगही हस्तक्षेप करतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात गालिच्यांसाठी लोकर रंगवत. तिथले काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार आली. रंगकामाचे प्रमुख मिशेल शेव्ह्रल यांनी तपासलं तर धाग्यात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे ते तसे दिसत होते. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. करडी भिंत हिरव्या बागेशेजारी किंचित गुलाबी वाटते, ती याच कारणाने. या बाबतीत फोटोवरचं चित्र शेडकार्डापेक्षा उजवं ठरतं, कारण त्यात शेजार असतो. दोन रंगांची जोडी जमते का, खांब गडद बरे की फिकट, ग्रिल काळं हवं की पांढरं, या प्रश्नांना चित्र चांगलं उत्तर देतं. नेमकी छटा ठरवायला मात्र खरा रंगच लागतो. लहान डबा आणून भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचा तुकडा दोन हात देऊन रंगवावा, एक पश्चिमेला आणि एक उत्तरेला, आणि दोन-तीन दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघावा. मोटारीच्या कारखान्यांतसुद्धा रंग उपकरणाने मोजतात आणि ठरावीक दिव्यांखाली बघतात. ट्यूबलाईटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

चित्राला वजन नसतं

फोटोत फक्त उजेड उतरतो. वजन, उष्णता आणि ओल उतरत नाही. खर्चाच्या आणि धोक्याच्या गोष्टी नेमक्या त्याच आहेत.

हल्ली दर्शनी भिंतीला दगडी फरशी लावण्याची हौस आहे. बोटाच्या एका टिचकीत ती चित्रात लागते. दोन सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाईटचं वजन चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरतं. तीस चौरस मीटर भिंतीवर ते १६०० किलोंच्या वर जातं, आणि त्यात सिमेंट मालाचं वजन धरलेलं नाही. जुन्या गिलाव्याने विटेला किती घट्ट धरलं आहे यावर तो सगळा भार लटकणार. गिलाव्यावर हातोडीची दांडी ठोकली की पोकळ आवाज येतो का, ही तपासणी कोणत्याही थ्रीडीच्या आधी व्हायला हवी. उंचावरच्या फरशा पिना किंवा चौकट लावून बसवाव्या लागतात, आणि त्यासाठी इमारतीच्या अभियंत्याला विचारायला हवं. फरशी पडते ती खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर.

उष्णतेचं तसंच. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी अवरक्त किरणांत असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे दिसायला सारखे असलेले दोन रंग उन्हात वेगवेगळे तापू शकतात. एवढं मात्र नक्की सांगता येतं, की गडद भिंत फिकट भिंतीपेक्षा जास्त तापते. पश्चिमेच्या भिंतीला गडद चॉकलेटी रंग देणाऱ्याने आतल्या खोलीत रात्री कोण झोपतं याचा विचार करावा. ओलीचं तर बोलायलाच नको. पावसाळ्यात कठड्यातून मुरलेलं पाणी कितीही महागड्या रंगाचे पोपडे काढतं, आणि चित्रातली भिंत कायम कोरडी असते.

अलीकडे आणखी एक प्रकार आला आहे. फोटो देऊन ‘घर आधुनिक करून दाखव’ असं शब्दांत सांगितलं, की काही क्षणांत देखणं चित्र येतं. हे सॉफ्टवेअर भागाकार-गुणाकार करत बसत नाही. असंख्य चित्रं पाहून घरं कशी दिसतात याचा जो अंदाज त्याने बांधला आहे, त्यातून ते सगळं चित्र नव्याने काढतं. मग खिडकी अर्धा फूट सरकते, विजेच्या तारा आणि मीटरची पेटी नाहीशी होते, तीन मीटरचा रस्ता पाच मीटरचा होतो, शेजारच्या भिंतीच्या जागी झाड येतं. कल्पना सुचायला ते ठीक आहे. त्यावरून ठेकेदाराशी व्यवहार ठरवला, तर काम झाल्यावर ‘चित्रात होतं तसं नाही’ असा वाद होणार, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असणार. करारासोबत चित्र जोडायचंच तर मापं लिहिलेला आराखडाही जोडावा. गॅलरी बंद करायची किंवा मजला चढवायचा असेल तर महापालिकेची परवानगी लागते, आणि ती चित्रावर मिळत नाही.

खोटेपणा ओळखायला एक साधी चाचणी आहे. मूळ फोटो आणि नवं चित्र एकाच मापाचे करून मोबाईलवर भराभर आलटून पालटून बघा. जे सरकलं असेल ते उडी मारताना दिसतं.

शाळेच्या भिंतीवर

हे सगळं शाळेत करून पाहायला एक फोन आणि एक टेप पुरते. शाळेची दर्शनी भिंत घ्या. समोर मैदानात खडूने किंवा चुन्याने पावलांची खूण करून ठेवा, म्हणजे दरवेळी फोटो एकाच जागेवरून निघेल. भिंतीवर एक पांढरा कागद चिकटवा. सकाळी आठला, दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी पाचला, दोरा-खडा धरून, फोटो काढा. एका फोटोची छापील प्रत घेऊन मुलांना कर्ण काढून भिंतीचा मध्य शोधू द्या, मग टेपने खरा मध्य मोजून पडताळू द्या. दुसऱ्या प्रतीवर ट्रेसिंग पेपरची झडप लावून रेप्टनसारखा नवा रंग भरू द्या, मात्र सावलीच्या जागी तोच रंग गडद करून. गटागटांत वाद होतील, ते होऊ द्यावेत.

कागदाचे ठिपके संगणकावर कोणत्याही चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये तांबडा, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत वाचता येतात. मुलांना तीन वेळांचे नऊ आकडे फळ्यावर मांडायला सांगा. वाचताना एक लक्षात ठेवावं. हे आकडे ० ते २५५ असतात, पण १२७ म्हणजे निम्मा उजेड नव्हे. साठवणुकीच्या पद्धतीमुळे तो साधारण एक पंचमांश उजेड असतो, आणि निम्म्या उजेडाला आकडा १८८ च्या आसपास येतो. फोन स्वतःहून उजेड कमी-जास्त करतो आणि पांढऱ्याला पांढरं करून घेतो, तेही बंद ठेवायला हवं. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की उजेड कुलूपबंद होतो. रंगाचा समतोल आपोआप बदलू नये यासाठीची खूण कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ भागात सापडते. ती दिवसाच्या उजेडावर ठेवून मगच सकाळचा पहिला फोटो घ्यावा.